विकलेला गेम परत काढून घेता येऊ नये

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन गेमिंगविषयीच्या नव्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि त्यानंतर पाचच दिवसांनी चतुर्थी आली. डिचोली तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी सगळे कुटुंब जमले होते. दुपारची आरती आणि जेवणे आटोपून मंडळी पडवीवर बसली असता माझ्या काकांनी माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याला सांगितले की, सरकारने आता तुमचे गेम बंद केले आहेत, तेव्हा मुकाट्याने अभ्यासाला लागा. मुलगा खरोखरच घाबरला. त्याने मला बाजूला घेऊन विचारले, "मामा, म्हणजे मी विकत घेतलेले गेमही जाणार?" मी त्याला 'नाही' असे उत्तर दिले. ते उत्तर अर्धेच खरे होते, कारण त्याने विकत घेतलेले गेम उद्या खरोखरच जाऊ शकतात. मात्र ते सरकार नेणार नाही, ज्या कंपन्यांनी ते विकले त्याच नेतील. या उरलेल्या अर्ध्या उत्तराविषयी आपल्या वृत्तपत्रातून लिहावे, असे तेव्हापासून माझ्या मनात होते.

प्रथम कायद्याबद्दलचा गैरसमज दूर करतो, कारण तो अनेक घरांत आहे. बंदी आली आहे ती पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ मनोरंजनाचे गेम यांना याच कायद्याने मान्यता दिली आहे व त्यांना प्रोत्साहन देण्याचे धोरण सांगितले आहे. या बंदीचे मी मनापासून स्वागत करतो. मांडवीत नांगरलेली कॅसिनो जहाजे पणजीच्या पुलावरून येता-जाता पाहणाऱ्या गोमंतकीयाला पैशाचा खेळ एखाद्या घराची काय अवस्था करतो, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु २०१९ साली आपल्या राज्याच्या तत्कालीन माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांनी पब्जी या गेमला घराघरांत शिरलेल्या राक्षसाची उपमा दिली, तेव्हापासून आपल्याकडे 'गेम' हा शब्द उच्चारला की चर्चा व्यसन आणि जुगार या दोनच गोष्टींभोवती फिरते. जो माणूस दुकानात किंवा ऑनलाइन रीतसर पैसे मोजून गेम विकत घेतो, तो एक ग्राहक आहे आणि ग्राहक म्हणून त्याचेही काही हक्क आहेत, हा विचार त्या चर्चेत येतच नाही. माझे म्हणणे एवढ्याच मुद्द्यापुरते आहे.

मी फोंड्याला एका खासगी आस्थापनेत हिशेबनीस आहे आणि वयाच्या पंधराव्या वर्षापासून गेम खेळत आलो आहे. दहावीची परीक्षा संपल्यावर, २००७ साली, वडिलांनी मला पणजीतल्या एका दुकानातून 'क्रिकेट ०७' या गेमची डिस्क आणून दिली होती. गेम संगणकात भरताना जो लांबलचक क्रमांक टाकावा लागतो, तो वेष्टनावर पुसट होऊ लागला तेव्हा वडिलांनी डबीच्या आतल्या कागदावर निळ्या बॉलपेनने तो पुन्हा लिहून ठेवला, हिशेबाच्या वहीत आकडे लिहावेत तसा चार-चार अक्षरे सुटी करून आणि शून्यावर तिरकी रेघ मारून. वडील आता नाहीत. डिस्क आणि तो कागद मात्र गावच्या घरातल्या कपाटात आहे.

चतुर्थीच्या त्याच संध्याकाळी जोराचा पाऊस झाला, वीज गेली आणि तिच्यापाठोपाठ इंटरनेटही गेले. भाच्याच्या लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती, परंतु त्यातल्या तीन गेमपैकी एकही उघडेना. प्रत्येक वेळी पडद्यावर एक वर्तुळ फिरत राही आणि शेवटी सर्व्हरशी, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाशी, संपर्क होत नसल्याची सूचना येई. त्यांपैकी एक गेम तर एकट्यानेच खेळायचा, कथेचा होता. त्याला दुसऱ्या कोणाशी जोडले जाण्याचे काही कारण नव्हते. मग मी कपाटातून ती डिस्क काढली आणि ज्याला अजून डिस्कचा खण आहे असा माझा जुना लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावला. डिस्क घरघरली, थोडी अडखळली आणि गेम सुरू झाला. रात्रीच्या आरतीला घुमट वाजू लागेपर्यंत घरातली सहा-सात मुले त्याच्याभोवती कोंडाळे करून बसली होती. "मामा, इतकी जुनी डिस्क अजून चालते?" हा भाच्याचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता, आणि तो मनात धरूनच मी हे पत्र लिहीत आहे.

ती डिस्क चालते याचे कारण साधे आहे. गेमचा सगळा ऐवज त्या डिस्कमध्येच आहे आणि तो उघडण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. ईए कंपनीने 'क्रिकेट ०७' नंतर क्रिकेटचा एकही मोठा गेम काढला नाही. व्यापाराच्या दृष्टीने तो विषय तेव्हाच संपला. तरीही भारतातल्या मुलांनी हा गेम मरू दिला नाही. आयपीएल सुरू झाली २००८ साली, म्हणजे गेम आल्यानंतर. पण हौशी खेळाडूंनी स्वतः 'पॅच', म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या जोड-फाइली, तयार करून त्यात आयपीएलचे संघ घातले, नवे खेळाडू, नवे पोशाख, नवी मैदाने घातली आणि दर मोसमात ती बदलत ठेवली. जुन्या संगणकांवर, सायबर कॅफेत, वसतिगृहांच्या खोल्यांत हा गेम वर्षानुवर्षे खेळला गेला. एखादी वस्तू घेणाऱ्याच्या हातात पूर्णपणे दिली की तिचे आयुष्य कसे वाढते, याचे आपल्याच देशातले याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच्या उलट अनुभव मला दहा वर्षांनी आला. २०१७ च्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून मी दीड हजार रुपये देऊन एका परदेशी कंपनीचा गेम घेतला. त्या कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीपुरती नाही. साखळीचा माझा एक मित्र तेव्हा नोकरीसाठी आखातात गेला होता. त्याची पाळी संपल्यावर आम्ही रात्री त्या गेममध्ये भेटत असू. फोनवर जे बोलणे होत नसे ते तिथे खेळता खेळता होत असे. २०२२ साली कंपनीचा एक छोटासा ईमेल आला आणि ठरल्या दिवशी सर्व्हर बंद झाले. एकट्याने खेळण्याचा भागही त्याच दिवशी बंद पडला. माझ्या खात्यातल्या यादीत गेमचे नाव अजून दिसते, फक्त सुरू करण्याचे बटण करड्या रंगाचे झाले आहे आणि ते दाबले जात नाही. मी विचारणा केली तेव्हा, आपण मान्य केलेल्या अटींनुसार हे झाले आहे, एवढेच उत्तर मिळाले. खरेदीची पावती मी जपून ठेवली आहे. तिच्यावर 'विक्री' याच अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. भाड्याचा, मुदतीचा किंवा परवान्याचा उल्लेख त्या पावतीवर कुठेही नाही.

हे केवळ माझ्याच बाबतीत घडले असते तर मी संपादकांना पत्र लिहिले नसते. जगभर या प्रश्नाला तोंड फुटले ते युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या 'द क्रू' या मोटार शर्यतींच्या गेममुळे. तो डिसेंबर २०१४ मध्ये आला. अमेरिकेचा लहान केलेला नकाशा त्यात होता आणि एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गाडी हाकत जाता येत असे. हे एकट्यानेही करता येई, पण गेम मात्र सदैव कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पुढच्या काही दिवसांत लोकांच्या खात्यांतून त्या गेमचा परवानाही काढून घेण्यात आला. अगदी अलीकडे खरेदी केलेल्यांना पैसे परत मिळण्याची सोय होती. ज्यांनी तो आधीच्या वर्षांत घेतला होता त्यांच्या हाती डिस्क उरली आणि ती डिस्क काहीच उघडत नाही. अमेरिकेत काही ग्राहक न्यायालयात गेले तेव्हा कंपनीने बाजू मांडली ती अशी की, ग्राहकांना गेमची मालकी मिळालीच नव्हती, मर्यादित वापराचा परवाना तेवढा मिळाला होता. त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, याच कंपनीच्या वर्गणी विभागाच्या एका अधिकाऱ्याने मुलाखतीत, आपला गेम आपल्या मालकीचा नसण्याची सवय खेळाडूंना व्हावी लागेल, अशा आशयाचे विधान केले होते. मला या विधानाने फार दुखावले. भारतात एखाद्या नव्या मोठ्या गेमला आज पाच हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागतात. मध्यमवर्गीय गोमंतकीय घरात ही रक्कम सहज खर्च होत नाही. मुले वर्षभराची ओवाळणी आणि वाढदिवसाचे पैसे साठवून एक गेम घेतात. त्या मुलांना मालकी नसण्याची सवय लावून घ्यायला सांगणे मला अन्यायाचे वाटते.

परवाना आणि मालकी यांतला हा भेद कायद्याच्या दृष्टीने नवा नाही, हे मी जाणतो. पुस्तक विकत घेतले म्हणजे त्यातल्या मजकुराचा हक्क आपल्याकडे येत नाही. तसेच गेमचेही आहे, आणि तो हक्क कोणी मागतही नाही. परंतु पुस्तकाची ती प्रत आपली असते. प्रकाशकाने आवृत्ती बंद केली, प्रकाशन संस्थाच बुडाली, तरी आपल्या फडताळातून ती प्रत कोणी उचलून नेत नाही. खेळाडूंची मागणीही प्रतीपुरतीच आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने या बाबतीत निदान एक पाऊल टाकले. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्यानुसार, जी डिजिटल वस्तू नंतर काढून घेतली जाऊ शकते, ती विकताना 'विकत घ्या' असे लिहायचे असेल तर ग्राहकाला हा केवळ परवाना आहे असे स्पष्टपणे सांगणे बंधनकारक आहे. स्टीम या संगणकी गेमच्या सर्वांत मोठ्या दुकानाने तर ऑक्टोबर २०२४ पासूनच पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना दाखवायला सुरुवात केली. ही सूचना म्हणजे प्रामाणिकपणाची सुरुवात आहे. त्याने गेम वाचत नाही, पण ग्राहक निदान डोळे उघडे ठेवून पैसे देतो.

गेम वाचवण्याची मागणी युरोपात उभी राहिली. 'द क्रू' बंद होताच एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांना थेट प्रस्ताव मांडण्याची जी सोय आहे तिच्यासाठी दहा लाख सह्या लागतात. जुलै २०२५ मध्ये ती संख्या ओलांडली गेली आणि मुदत संपेपर्यंत आकडा चौदा लाखांच्या आसपास पोहोचला. मोहिमेची मागणी नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याबद्दल मुद्दाम किंवा अजाणता चुकीचे सांगितले जाते. कंपनीने सर्व्हर कायमचे चालवावेत, असे कोणीही म्हणत नाही. जेव्हा ते बंद करण्याचा निर्णय होईल, तेव्हा घेतलेला गेम कंपनीच्या मदतीविना चालू शकेल अशा अवस्थेत ग्राहकाच्या हाती सोडावा, आणि हे जुन्या गेमना मागाहून न लावता पुढे तयार होणाऱ्या गेमच्या आखणीतच धरावे, एवढेच म्हणणे आहे.

यावर युरोपातल्या गेम उद्योगाच्या संघटनेने जे आक्षेप घेतले, ते मी लक्षपूर्वक वाचले. खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीचे रक्षण कोण करणार आणि तिथे बेकायदा मजकूर आला तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु कंपनीने हात काढून घेतल्यानंतर ती जबाबदारी सर्व्हर चालवणाऱ्यावर आहे, असे कायद्यात एका वाक्यात लिहिता येईल. दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. आरंभापासून केवळ ऑनलाइन म्हणून बांधलेला गेम शेवटी उलगडणे खर्चाचे असते, हे मान्य करूनही, तो तसा बांधायचा की नाही हा निर्णय कंपनीचाच असतो आणि त्याचा भार ग्राहकाने का सोसावा, याचे उत्तर मला त्या निवेदनात सापडले नाही. गाड्यांच्या आणि गाण्यांच्या वापराचे करार संपतात, ही अडचणही नेहमी पुढे केली जाते. करार संपला तर नवी विक्री थांबवावी. आधी विकलेल्या प्रतींचे पैसे त्या करारातल्या सर्वांना मिळून गेलेले असतात.

शिवाय हे अशक्य नाही, हे या उद्योगातल्याच लोकांनी करून दाखवले आहे. 'नॉकआउट सिटी' हा चेंडू फेकण्याचा ऑनलाइन गेम २०२३ साली बंद झाला, तेव्हा तो तयार करणाऱ्या छोट्या कंपनीने खेळाडूंना स्वतःच्या सर्व्हरवर खेळता येईल अशी आवृत्ती दिली. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये आर्केन ऑस्टिन हा स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. तिथल्या माणसांना आपली नोकरी जाणार हे ठाऊक होते, तरी 'रेडफॉल' या त्यांच्या गेमचे जे शेवटचे अपडेट त्याच महिन्यात आले त्यात इंटरनेटविना खेळण्याची सोय होती. रेडफॉलवर टीका पुष्कळ झाली आणि ती बहुतांशी योग्य होती, पण त्या शेवटच्या कामाबद्दल मला त्या माणसांविषयी मनापासून आदर आहे. खुद्द युबिसॉफ्टनेही टीकेनंतर 'द क्रू २' मध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. आणि जो मूळ 'द क्रू' कायमचा गेला असे सांगितले गेले, तो चाहत्यांनी फावल्या वेळात स्वतःचा सर्व्हर लिहून सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा चालू केला. हौशी मंडळी कागदपत्रांविना जे करू शकतात, ते मूळ आराखडा हाताशी असलेल्या कंपनीला खचितच करता येईल.

पैसे परत करणेही अशक्य नाही. गूगलने इंटरनेटवरून गेम खेळवणारी आपली स्टेडिया ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद करताना ग्राहकांनी तिच्या दुकानांतून घेतलेल्या गेमचे आणि यंत्रांचे पैसे परत दिले. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला आणि दोन आठवड्यांत मागे घेतला गेला; त्याच्याही ग्राहकांना पूर्ण परतावा मिळाला. म्हणजे काही वेळा ही नीती पाळली जाते आणि काही वेळा नाही. ती कंपनीच्या मर्जीवर न राहता नियमाने यावी, असे मला वाटते.

आपल्याकडे कन्सोलपेक्षा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रापेक्षा, मोबाइलवर खेळणारी मुले कितीतरी अधिक आहेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. हे गेम फुकट असतात, परंतु त्यातले पोशाख, शस्त्रांचे रंग, मोसमाचे पास यांना खरे पैसे पडतात. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पब्जी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा अनेक मुलांनी त्यात घातलेले पैसे अडकले. पुढे जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीने भारतासाठी बीजीएमआय हा वेगळा गेम आणला आणि जुन्या खात्यातल्या वस्तू त्यात आणण्याची सोय दिली, ही चांगली गोष्ट केली. 'एपेक्स लेजंड्स मोबाइल' हा गेम मात्र मे २०२२ मध्ये येऊन १ मे २०२३ रोजी बंद झाला. एक वर्षही पुरे झाले नाही आणि त्यात खर्च केलेल्या पैशांचा परतावा मिळणार नाही असे जाहीर झाले. माझ्या परिचयातल्या एका मुलाने आजीने दिलेले हजार रुपये अशाच एका गेममधल्या पोशाखावर घातले होते. गेम बंद झाला तेव्हा तो घरी कोणाला सांगू शकला नाही, कारण सांगितले असते तर आधी त्यालाच बोलणी बसली असती. पालकांनी मुलांना खर्चाबद्दल जरूर बोलावे. पण वस्तू विकून ती वर्षाच्या आत काढून घेणाऱ्यालाही कोणीतरी जाब विचारला पाहिजे. ज्या पेट्यांत काय निघेल हे पैसे देईपर्यंत कळत नाही, त्या 'लूट बॉक्स'ना बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्येच जुगार ठरवले होते. आपल्या नव्या कायद्याच्या अंमलबजावणीत त्यांचाही विचार व्हावा, एवढे सांगून तो वेगळा विषय येथेच सोडतो.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती मला पैशाहून मोठी वाटते. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज कोणत्याही दुकानात मिळत नाहीत, असे आढळले. ते निदान डिस्कच्या आणि कार्ट्रिजच्या काळातले होते, म्हणून कोणाच्या तरी माळ्यावर त्यांची प्रत सापडू शकते. आजच्या गेमची प्रतच नसते. निन्टेन्डोने २०२५ मध्ये आणलेल्या स्विच २ या यंत्रासाठी काही गेम अशा कार्डांवर विकले जातात की ज्यांत गेम नसतो, तो डाउनलोड करण्याची किल्ली तेवढी असते. पणजीचे आपले मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालापासूनची परंपरा सांगते. पोर्तुगीज राजवट गेली, लिपी आणि भाषा बदलल्या, इमारती बदलल्या, तरी पूर्वीच्या पिढ्यांनी वाचलेले ग्रंथ आणि वृत्तपत्रे तिथे जाऊन आज पाहता येतात. भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी, असा १९५४ सालचा कायदा आहे. गेमसाठी तशी कोणतीही व्यवस्था नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा आपल्या पुराणकथांवर उभा केलेला सुंदर गेम जगापुढे आणला. असे आणखी गेम आपल्याकडे होतील, मराठीतही होतील, आणि त्यांची एकही प्रत कोणत्याही संग्रहात राहिली नाही तर पुढच्या पिढीला ते पाहता येणार नाहीत. ज्या उद्योगात गेल्या तीन-चार वर्षांत हजारो माणसे कामावरून कमी केली गेली आणि स्टुडिओच्या स्टुडिओ बंद झाले, तिथे गेमची अंतर्गत रचना ठाऊक असलेला माणूसच शिल्लक राहत नाही. म्हणून जपणुकीची तयारी गेम चालू असतानाच झाली पाहिजे.

आपल्याकडे यासाठी नवा मोठा कायदा लागेल, असे मला वाटत नाही. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यात नियामक प्राधिकरणाची तरतूद आहे. मनोरंजनाच्या गेमची नोंदणी करताना त्या प्राधिकरणाने कंपनीकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: हा गेम किमान किती वर्षे चालवला जाईल, बंद करण्यापूर्वी किती महिने आधी कळवले जाईल आणि बंद झाल्यावर ग्राहकाच्या हाती काय राहील. हीच माहिती विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी, मराठीसह भारतीय भाषांत दिसली पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अशा तेरा प्रकारांची यादी दिली. काढून घेता येण्याजोगी वस्तू 'विकत घ्या' असे म्हणून विकणे हा प्रकार त्या यादीत घालावा, अशी माझी विनंती आहे. गोव्याच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा. लहान राज्याच्या प्रतिनिधीने मांडला म्हणून त्याचे वजन कमी होणार नाही.

वाचकांना एक उपयुक्त माहिती देतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २ मध्ये 'अनुचित करार' या संज्ञेची व्याख्या आहे आणि वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला करार एकतर्फी संपवण्याचा अधिकार देणारी अट त्या व्याख्येत स्पष्टपणे येते. अशा कराराविरुद्धची तक्रार रक्कम कितीही लहान असली तरी जिल्हा आयोगाकडे करता येत नाही, ती राज्य आयोगाकडे करावी लागते, आणि आपला राज्य ग्राहक आयोग पणजीतच आहे. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. माझ्या गेमच्या बाबतीत ती मुदत मला हे कलम माहीत होण्यापूर्वीच टळून गेली, याची मला खंत आहे. परंतु गोव्यातल्या ज्या खेळाडूंचा पैसे देऊन घेतलेला गेम गेल्या दोन वर्षांत बंद पडला असेल, त्यांनी खरेदीची पावती, बंद होत असल्याचा ईमेल आणि न उघडणाऱ्या गेमच्या पडद्याचे छायाचित्र आजच एकत्र ठेवावे. अर्ज लिहिण्यासाठी आणि कागदपत्रे लावण्यासाठी मदत हवी असल्यास रविवारी सकाळी मी मोकळा असतो. आपल्या कार्यालयात माझा पत्ता नोंदवलेला आहे, तो विचारणाऱ्या वाचकांना देण्यास माझी संमती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
डिचोली, गोवा